पर्याय की अर्थांतर? वैद्यांच्या इंग्रजी लेखनाविषयी काही विचार

चरकसंहितेच्या निदानस्थानाचा पहिला अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्वराचे निदान सांगण्यापूर्वी आचार्य तेथे एक लहानसे काम उरकून घेतात. हेतू, निमित्त, कारण, निदान आदी आठ शब्द ते ओळीने देतात आणि या सर्वांचा अर्थ एकच समजावा, असे स्पष्टपणे सांगतात. व्याधीच्या पर्यायांविषयीही त्यांनी हाच क्रम ठेवला आहे. विद्यार्थिदशेत ही यादी आपण पाठ केली, परीक्षेत उतरविली आणि पुढे विसरून गेलो. परंतु त्या यादीमागे शास्त्रीय लेखनाची एक मोठी शिस्त आहे. दोन शब्द एकार्थी असतील, तर ते एकार्थी आहेत असे लेखकाने सांगावे. तसे सांगितले नसेल, तर वाचकाने दोन शब्दांचे दोन अर्थ धरावेत.

संस्कृतात ही शिस्त पाळणारा आपला वैद्यवर्ग इंग्रजीत लिहू लागला, की ती सैल होते, असा आमचा अनुभव आहे. इंग्रजीत लिहिणे आता कोणासही चुकलेले नाही. औषधाचे लेबल, रुग्णाला रुग्णालयात पाठविताना द्यावयाची चिठ्ठी, विमा कंपनीसाठीचा दाखला, परिषदेतील शोधनिबंध, निर्यातीची कागदपत्रे, सारे काही इंग्रजीत लागते. अशा वेळी शब्दकोश उघडावा, एका मराठी वा संस्कृत शब्दापुढे चार इंग्रजी शब्द दिसावेत आणि त्यांतील कानाला बरा वाटणारा उचलावा, अशी आपली रीत पडली आहे. हल्ली संगणकावरील भाषांतर तेच काम क्षणात करून देते, एवढाच फरक. ते चार शब्द एकमेकांचे शेजारी असतात. त्यांचे घर एक असतेच असे नाही. या विषयावर आम्ही आज लिहीत आहोत, ते इंग्रजी भाषेच्या प्रेमापोटी नव्हे. चुकीच्या शब्दाची किंमत रुग्णाला, औषधनिर्मात्याला आणि अंतिमतः आयुर्वेदाला मोजावी लागते, हे आम्ही पाहिले आहे.

एका चिठ्ठीची कथा

काही वर्षांपूर्वी आमच्या एका वैद्यमित्रांच्या रुग्णाची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती. त्याआधीच्या आठवड्यात सर्दी-तापासाठी त्या रुग्णाने त्रिभुवनकीर्ती रस घेतला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घेतलेल्या सर्व औषधांची माहिती मागविली. आमच्या मित्रांनी ती प्रामाणिकपणे कळविली आणि डॉक्टरांना समजावी म्हणून इंग्रजीत लिहिली. शुद्ध वत्सनाभासाठी त्यांनी ‘प्युरिफाइड अकोनाइट’ असा शब्द योजिला, तर शुद्ध हिंगुळासाठी ‘प्युरिफाइड मर्क्युरी’. चिठ्ठी वाचताच शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आली, रुग्णाच्या हृदयाचा आलेख पुन्हा पुन्हा काढण्यात आला आणि आमच्या मित्रांना जो दूरध्वनी आला तो फारसा सौम्य नव्हता.

आम्ही त्या डॉक्टरांना दोष देत नाही. रसायनशास्त्रात एखादे द्रव्य ‘प्युरिफाय’ करणे म्हणजे त्यातील इतर अंश काढून टाकून ते द्रव्य अधिकाधिक निर्भेळ करणे. त्यामुळे ‘प्युरिफाइड अकोनाइट’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बचनागाचा विषारी अंश एकवटलेला पदार्थ उभा राहतो. आपल्या शोधनात घडते ते याच्या नेमके उलट. गोमूत्र वा दूध यांच्या संस्काराने बचनागातील अकोनिटीनसारख्या तीव्र अल्कलॉइडांचे विघटन होऊन त्यांची विषारी शक्ती पुष्कळ घटते. म्हणजे आपण सांगू पाहत होतो ‘सौम्य केलेले’ आणि वाचणाऱ्याने वाचले ‘तीव्र केलेले’. हिंगुळाचेही तसेच. ते पारद व गंधक यांचे संयुग, अर्थात मर्क्युरिक सल्फाइड. नुसता ‘मर्क्युरी’ म्हटले की वाचणाऱ्याला तापमापकातील मोकळा पारा आठवतो.

मग कोणता शब्द योजावा? ‘डिटॉक्सिफाइड’ हा शब्द हल्ली लोकप्रिय आहे. परंतु त्यातून विष पूर्णपणे गेले, असा दावा होतो. शोधनानंतरही वत्सनाभाची मात्रा आपण गुंजेच्या अंशांत मोजतो, ती काही हौसेने नव्हे. ‘प्रोसेस्ड’ हा शब्द खोटा नाही. मात्र भाजलेल्या शेंगदाण्यालाही तो लागू पडतो. आमच्या मते येथे ‘शुद्ध वत्सनाभ’ हीच संज्ञा इंग्रजी लिपीत लिहावी आणि तिच्यापुढे एका साध्या वाक्यात सांगावे, की हे अकोनाइटचे मूळ असून विषारीपणा कमी करण्यासाठी त्यावर गोमूत्राचा संस्कार केलेला आहे. सोबत एका गोळीतील प्रमाण आणि शेवटची मात्रा घेतल्याची तारीख द्यावी. अशी चिठ्ठी मिळाल्यावरही सावध डॉक्टर कदाचित शस्त्रक्रिया पुढे ढकलतील, कारण बचनाग हृदयाच्या गतीवर परिणाम करतो, हे खरेच आहे. परंतु त्यांचा निर्णय खऱ्या माहितीवर घेतलेला असेल.

फार्मसीतील शब्द

औषधनिर्मात्या बंधूंनी आपल्या कपाटातील गुळवेलीचे तीन कल्प समोर ठेवून पाहावेत. एक गुळवेलीचे चूर्ण, दुसरा तिचा घन, तिसरे गुळवेल सत्त्व. चूर्ण म्हणजे वाळविलेली संपूर्ण वेल दळून केलेली पूड. घन म्हणजे काढा आटवून घट्ट केलेला जलविद्राव्य अंश. संशमनी वटी त्याचीच होते. सत्त्व म्हणजे कुटलेली वेल पाण्यात कुस्करून, निथळून, तळाशी बसलेला पांढरा साका, जो मुख्यतः पिष्टमय असतो. तिन्हींचे गुण वेगळे, मात्रा वेगळी, किंमत तर फारच वेगळी. असे असता घन आणि सत्त्व या दोहोंच्याही लेबलावर ‘एक्स्ट्रॅक्ट’ हा एकच शब्द आम्ही पाहिला आहे, आणि क्वचित चूर्णाच्या कॅप्सूलवरही. कारण विचारता ‘ग्राहकाला तो शब्द भारी वाटतो’ असे उत्तर मिळाले. ग्राहकाला काय वाटेल ते वाटो. पाचशे मिलिग्रॅम चूर्ण आणि पाचशे मिलिग्रॅम घन ही एक मात्रा नव्हे. चूर्णाला ‘पावडर’ म्हणावे. घनाला ‘ड्राइड वॉटर एक्स्ट्रॅक्ट’ म्हणावे आणि किती वनस्पतीपासून किती घन निघाला, ते प्रमाण द्यावे. सत्त्वाला ‘स्टार्ची सेडिमेंट’ असे स्पष्टीकरण देऊन ‘सत्त्व’ हीच संज्ञा ठेवावी.

पंचविध कषायकल्पनांमध्ये तर सुदैवाने इंग्रजी शब्द आपल्या कामास येतात. फक्त त्यांची अदलाबदल करू नये. शार्ङ्गधराच्या मताने क्वाथ म्हणजे द्रव्याच्या सोळापट पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटविणे, त्याला ‘डिकॉक्शन’. फांट म्हणजे चौपट गरम पाणी ओतून, कुस्करून गाळणे. तो ‘हॉट इन्फ्युजन’. हिम म्हणजे सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजविणे. तो ‘कोल्ड इन्फ्युजन’. सुगंधी द्रव्यांचा फांट करावा असे आपण सांगतो, कारण उकळल्याने त्यांतील उडून जाणारे तेल निघून जाते. अशा पुडीवर ‘डिकॉक्शन’ असे छापले, तर ग्राहक ती अर्धा तास उकळील आणि वास घराला, चोथा पोटाला अशी गत होईल. येथे चूक ग्राहकाची नाही. आपण त्याला एका शब्दात चुकीची कृती शिकविली.

भस्माला ‘अ‍ॅश’ म्हणण्याची पद्धत जुनी आहे. परंतु प्रयोगशाळेत ‘टोटल अ‍ॅश’ आणि ‘अ‍ॅसिड-इन्सोल्युबल अ‍ॅश’ या दोन कसोट्या आहेत. वनस्पतिद्रव्य जाळून उरणारी राख मोजून त्यात माती-वाळूची भर किती, हे त्यांवरून पाहतात. तेथे अ‍ॅश जितकी मर्यादेत तितके चांगले. त्याच अहवालात ‘अभ्रक अ‍ॅश’ असाही शब्द आला, तर वाचणारा गोंधळणारच. ‘धातू’ या शब्दाचीही अशीच दुहेरी अडचण आहे. शरीरातील सप्तधातू ‘टिश्यू’ या शब्दाने अर्धेमुर्धे सांगता येतात, खनिज धातू ‘मेटल’ या शब्दाने पूर्ण. भाषांतर करणाऱ्याने संदर्भ पाहिला नाही, तर ‘धातुपोषक’ कल्प हा ‘मेटल’ पुरविणारा कल्प ठरतो, आणि परदेशातील अधिकाऱ्याच्या हाती असे पत्रक पडले तर पुढचे सांगावयास नको.

परदेशाचा विषय निघाला म्हणून एक जुना प्रसंग आठवतो. डिसेंबर २००४ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे त्यात नमूद होते. आपल्याकडे त्यावर जी उत्तरे दिली गेली, त्यांतील पुष्कळशी ‘भस्मे शास्त्रोक्त असतात, ती सुरक्षित आहेत’ अशा स्वरूपाची होती. येथे दोन प्रश्न होते आणि त्यांना दोन शब्द हवे होते. रसौषधीतील पारद हा ‘इन्ग्रेडियंट’, म्हणजे हेतुपुरस्सर घातलेला, लेबलावर लिहावयाचा घटक. केवळ वनस्पतींच्या चूर्णात आढळलेले शिसे हे ‘कंटॅमिनंट’, म्हणजे जमिनीतून, जात्यातून वा निष्काळजीपणातून आलेले दूषण. पहिल्याचे समर्थन शास्त्राधाराने आणि परीक्षणाने करता येईल. दुसऱ्याचे समर्थन कोणत्याही संहितेत मिळणार नाही. दोहोंना एकच उत्तर दिल्याने आपली योग्य बाजूही दुबळी झाली. पुढे १ जानेवारी २००६ पासून निव्वळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. त्या नियमाचा सारा आशय ‘कंटॅमिनंट’ या एका शब्दात आहे.

जेथे कायद्याने शब्द ठरविला आहे

काही शब्दांबाबत आपणांस निवडीचा अधिकारच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांत ई-१ हे परिशिष्ट आहे. वत्सनाभ, धत्तूर, भल्लातक, विषमुष्टी, पारद, हिंगुळ, हरताळ इत्यादी द्रव्ये त्यात आहेत. ही द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशा अर्थाचा इशारा इंग्रजीत व हिंदीत ठरलेल्या शब्दांत छापावा लागतो. त्याचा आरंभ ‘कॉशन’ या शब्दाने होतो. त्याऐवजी ‘नोट’, ‘अ‍ॅडव्हाइस’ किंवा ‘प्रिकॉशन’ असे सौम्य शब्द घालून लेबल नेटके करण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. येथे पर्यायशब्द हा पर्याय नव्हे, तो नियमभंग आहे.

मुदतीचा शब्दही असाच. खाद्यपदार्थांवर ‘बेस्ट बिफोर’ लिहितात, तेव्हा त्या तारखेपर्यंत पदार्थाची प्रत उत्तम राहील एवढेच अभिप्रेत असते. आपल्या औषधांसाठी नियम १६१-ब मध्ये ‘एक्स्पायरी’ची तारीख सांगितली आहे, ती उलटल्यावर औषध विकू नये, असा तिचा अर्थ. एकाच कारखान्यात सरबतेही होतात आणि अवलेहही, म्हणून छपाईचा एकच ठसा दोहोंवर चालविणे हे आम्हांस धोक्याचे वाटते.

याच कायद्याची ३३-ई, ३३-ईई आणि ३३-ईईए ही तीन कलमे प्रत्येक फार्मसीचालकाने एकदा शांतपणे वाचावीत. ‘मिसब्रँडेड’, ‘अडल्टरेटेड’ आणि ‘स्प्युरियस’ या तीन शब्दांना आपण बोलताना सरसकट ‘बोगस माल’ म्हणतो. कायद्याला ते तीन वेगळे दोष आहेत. वाईट स्थितीत तयार झालेले वा हानिकारक द्रव्य मिसळलेले औषध ‘अडल्टरेटेड’. दुसऱ्याच्या नावाने विकलेले, नकली वा पूर्णतः अथवा अंशतः बदललेले औषध ‘स्प्युरियस’. आणि ज्याच्या लेबलावर खोटा वा दिशाभूल करणारा मजकूर आहे ते ‘मिसब्रँडेड’. म्हणजे आतील औषध उत्तम असूनही लेबलावरील एका चुकीच्या शब्दाने ते दोषी ठरू शकते. इंग्रजी शब्द निवडणे ही भाषेची हौस नाही, हे पटविण्यास एवढे पुरे व्हावे.

प्रतिनिधी द्रव्यांचा प्रश्नही येथे उद्भवतो. अष्टवर्गातील मेदा-महामेदा न मिळाल्यास शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराहीकंद घ्यावा, असे भावप्रकाशात सांगितले आहे. शास्त्राने दिलेली ही मुभा म्हणजे भेसळ नव्हे. परंतु लेबलावर ‘मेदा’ छापून आत शतावरी घातली, तर शास्त्रसंमत प्रतिनिधी आणि कायद्यातील बदललेले द्रव्य यांतील अंतर आपणच पुसून टाकतो. घातले ते लिहावे आणि ते कोणाचा प्रतिनिधी आहे, हेही लिहावे.

बरे करणे, उपचार करणे, आराम पडणे

आता सर्वांत नाजूक शब्दाकडे वळू. ‘क्युअर’ या शब्दाचा आपल्या पत्रकांतून जो सुकाळ आहे, तो पाहून खेद होतो. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, बहिरेपणा असे अनेक आजार आहेत. त्यांचे निदान, निर्मूलन, उपशम, उपचार वा प्रतिबंध यांसाठी औषधाची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. कायदा करणाऱ्यांनी पाचही शब्द मोजून घातले आहेत. त्यामुळे ‘क्युअर’ खोडून ‘ट्रीट’ लिहिल्याने जाहिरात निर्दोष होत नाही. या आजारांच्या जाहिरातीत कोणताही शब्द आपणांस वाचवू शकत नाही, कारण तेथे दावाच निषिद्ध आहे.

केसपेपर आणि शोधनिबंध यांत मात्र शब्दांची निवड आपल्या हाती असते. तेथे आधुनिक कायद्याकडे पाहण्याचीही गरज नाही. आपले शास्त्र पुरेसे आहे. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय अशी साध्यासाध्यतेची पायरी आचार्यांनी बांधून दिली. चरकाने वीस प्रमेहांपैकी दहा कफज साध्य, सहा पित्तज याप्य आणि चार वातज असाध्य सांगितले. याप्य म्हणजे पथ्य व औषध चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा. इंग्रजीत त्याला ‘मॅनेजेबल’ म्हणता येईल. ‘क्युरेबल’ कधीही नाही. म्हणून ‘मधुमेहाचा क्युअर’ असे लिहिणारा वैद्य कायद्याच्या आधी चरकाचा अपराध करतो. शिवाय प्रमेह आणि ‘डायबिटीस’ हे दोन शब्द तरी एकमेकांवर पूर्ण बसतात का, याचा विचार करावा. वीस प्रकारांचा प्रमेह हे मोठे क्षेत्र आहे, ‘डायबिटीस’ त्याचा एक भाग व्यापतो.

तक्रारीची नोंद करताना हीच सावधगिरी हवी. औषध सुरू असताना रुग्णाला काही त्रास झाला, तर ती ‘अ‍ॅडव्हर्स इव्हेंट’. तिचे कारण औषध असावे असा सयुक्तिक संशय असेल, तर ‘अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन’. पहिला शब्द घटना सांगतो, दुसरा तिच्या कारणाकडे बोट दाखवितो. आपल्यापैकी काही जण घाबरून काहीच लिहीत नाहीत, तर काही जण सरसकट ‘रिअ‍ॅक्शन’ लिहून स्वतःच्या कल्पावर न केलेला आरोप ओढवून घेतात. आयुष मंत्रालयाची औषधसुरक्षा-निरीक्षणाची केंद्रीय योजना २०१७-१८ पासून सुरू झाली. तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. तेथे जाणाऱ्या नोंदीत योग्य शब्द असेल तरच ती उपयोगी पडेल. आणि ‘नो साइड इफेक्ट्स’ हे आवडते वाक्य तर आपण सर्वांनी मिळून निवृत्त करावे. ज्या भल्लातकाने त्वचेवर फोड येतात, तो आपल्याच औषधीवर्गातील आहे.

शोधनिबंधांविषयी एकच उदाहरण देतो. काटेकोर नियंत्रित चाचणीत दिसलेला परिणाम म्हणजे ‘एफिकसी’. नित्याच्या चिकित्सेत, पथ्य मोडणाऱ्या रुग्णांसह दिसलेला परिणाम म्हणजे ‘इफेक्टिव्हनेस’. तुलनेचा गट न ठेवता तीस रुग्ण पाहून ‘एफिकसी प्रूव्ह्ड’ असे लिहिले, की परीक्षक पहिल्याच ओळीत लेख मिटतो. ‘तीस रुग्णांत असे आढळले’ एवढेच लिहिले असते, तर पुढील निरीक्षणे त्याने आदराने वाचली असती. शब्द लहान केल्याने काम लहान होत नाही.

दोन आक्षेप

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आयुर्वेदाला इंग्रजीची गरजच काय? सारे संस्कृतात आणि मराठीत लिहावे. या आक्षेपामागील स्वाभिमान आम्हांस मान्य आहे. परंतु भूल देणारे डॉक्टर, अन्य प्रांतातील औषध-निरीक्षक आणि परदेशी गेलेला आपला रुग्ण यांना आपली गोष्ट कळावयास हवी असेल, तर त्यांना समजणारी भाषा आपण नीट बोलली पाहिजे. ती मोडकीतोडकी बोलण्यात स्वाभिमान नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. संस्कृत संज्ञा ठेवल्या तर वाचणाऱ्याला कळत नाहीत, म्हणून प्रत्येकीला इंग्रजी शब्द द्यावा. म्हणूनच दोषांना ‘ह्यूमर’ म्हटले गेले, आणि ग्रीक वैद्यकातील चार द्रव आपल्या तीन दोषांच्या गळ्यात पडले. पित्ताला ‘बाइल’ म्हटले, आणि पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक या पाच पित्तांचा संसार यकृताच्या एका स्रावात कोंडला. आमाला ‘टॉक्सिन’ म्हटले. वास्तविक जीवशास्त्रात ‘टॉक्सिन’ म्हणजे सजीवाने निर्माण केलेले विष. मग आधुनिक वैद्य विचारतो, कोणते टॉक्सिन, रक्तात मोजून दाखवा. या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नसते, कारण प्रश्नच आपल्या शब्दाने निर्माण केलेला असतो.

या दोन टोकांमधील वाट आपल्या आचार्यांनीच दाखविली आहे. ग्रंथरचनेच्या तंत्रयुक्ती सुश्रुताने बत्तीस सांगितल्या, चरकाने छत्तीस. त्यांत ‘स्वसंज्ञा’ आहे आणि ‘निर्वचन’ही आहे. शास्त्राची स्वतःची, इतरत्र त्या अर्थाने न चालणारी संज्ञा ती स्वसंज्ञा. तिचा अर्थ उलगडून सांगणे हे निर्वचन. जेथे इंग्रजीत तंतोतंत शब्द आहे, जसा क्वाथाला ‘डिकॉक्शन’, तेथे तो निःसंकोच वापरावा. जेथे नाही, जसा दोष, आम, ओज, वीर्य यांना, तेथे स्वसंज्ञा ठेवावी आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात निर्वचन करावे. जगही आता याच दिशेने येत आहे. भारत सरकारच्या ‘नमस्ते’ या पोर्टलवर २०१७ पासून आयुष रोगसंज्ञांना संकेतांक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाच्या प्रमाण संज्ञांचा ग्रंथ काढला, तर जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग प्रसृत झाला. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनीदेखील २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ हेच शब्द उचलले. त्यांचे भाषांतर केले नाही.

आमची विनंती

व्यवहारात उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी सुचवून हे लेखन संपवितो. शब्द योजण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की तो वाचून समोरचा माणूस काय करील? उकळील की भिजवील, औषध थांबवील की चालू ठेवील? त्याची कृती चुकणार असेल, तर शब्द चुकला आहे. दुसरे, एकदा योजलेला शब्द अखेरपर्यंत बदलू नये. शाळेत निबंध लिहिताना पुनरुक्ती टाळावयास शिकविले जाते. लेबलावर आणि केसपेपरवर पुनरुक्ती हा गुण आहे. एका ठिकाणी ‘डोस’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘डोसेज’ लिहिले, तर वाचणारा एका वेळची मात्रा आणि दिवसभराचा क्रम असे दोन अर्थ करील, आणि ते बरोबरच असेल. तिसरे, कायद्याने दिलेल्या शब्दाला हात लावू नये.

आपल्या संघटनेने चिकित्सक, रसशास्त्राचे अध्यापक, फार्मसीचालक आणि एखादा इंग्रजी जाणणारा आधुनिक वैद्यक-मित्र यांची लहानशी समिती नेमून नित्याच्या शंभर संज्ञांची यादी करावी आणि ती या त्रैमासिकाच्या मुखपृष्ठाच्या आतील बाजूस छापावी, अशी आमची सूचना आहे. तोपर्यंत प्रत्येक वाचकाने आपल्या फार्मसीचे एक लेबल आणि आपल्या हातची एक जुनी चिठ्ठी घेऊन बसावे, आणि त्यांतील प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे आपणांस म्हणावयाचे होते ते मराठीत लिहून पाहावे. जेथे दोन्ही जुळणार नाहीत, ते शब्द आम्हांस कळवावेत. यादीचा आरंभ तेथूनच होईल.